बॅट तेलात बुडवू नका

नाशिकच्या क्रिकेटवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक निरोप फिरतोय: ‘नवी बॅट रात्रभर तेलात उभी ठेवा, दोन दिवस कडक उन्हात तापवा, लोखंडासारखी होते. नॉकिंगची (हातोड्यानं ठोकून बॅट घट्ट करण्याची) कटकट नको, हल्ली बॅट कंपनीतूनच तयार येते. वरून शीट (पात्यावर चिकटवायचा पातळ पापुद्रा) लावली की झालं.’ माझ्या पुतण्यानं यातलं अक्षर न् अक्षर पाळलं. पंचवटीतल्या आमच्या गच्चीवर बादलीत बॅट उभी राहिली, मग ऊन खात पडली. पहिल्याच नेटमध्ये तिसरा यॉर्कर, म्हणजे थेट पायाशी पडणारा बॉल, टोवर (बॅटच्या खालच्या टोकावर) बसला आणि बोटभर चीर वर चढली. पोरानं वर्षभर पैसे साठवून घेतलेली इंग्लिश विलो लाकडाची बॅट होती. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘रात्रभर तेलात ठेवा.’ तेलानं बॅट कडक होत नाही. विलोचं लाकूड हलकं आणि सच्छिद्र असतं, त्यात थोडी ओल टिकली तरच ते लवचिक राहतं. ती ओल भराभर उडू नये एवढ्यासाठीच तेल. टोच्या बाजूला लाकडाच्या तंतूंची तोंडं उघडी असतात, त्यामुळे बादलीत उभी केलेली बॅट तिथून तेल शोषत राहते. मग ती जड होते आणि बॉल बॅटवरून निघतच नाही, मेल्यासारखा पडतो. तेलाच्या एका हाताला, म्हणजे एका थराला, चहाचे दोन छोटे चमचे पुरतात. बोटांनी पुढची बाजू, कडा आणि टोवर पातळ चोळायचं, मागे अगदी हलकं. हँडल जिथे पात्यात बसतं तिथे नाही, कारण तिथे गोंद असतो, स्टिकरवरही नाही. बॅट रात्रभर आडवी ठेवायची, सकाळी उरलेलं पुसायचं. असे दोन-तीन हात, मध्ये एकेक दिवस सोडून.

तेल कच्चं जवसाचंच हवं. घाण्यावर मिळतं ते चालतं. रंगाच्या दुकानातलं ‘डबल बॉइल्ड’ घेऊ नका, त्यात लवकर वाळण्यासाठी इतर द्रव्यं घातलेली असतात. खोबरेल तर वाळतच नाही. आणि एक गोष्ट कळकळीनं सांगतो: जवसाच्या तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना तापतं, गुंडाळलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. ते पसरून वाळवा.

‘उन्हात तापवा.’ एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीच्या आसपास जातो आणि हवा कोरडी ठक्क असते. अशा उन्हात लाकडातली उरलीसुरली ओलही जाते, मग बॅट ठिसूळ होते. बंद गाडीच्या डिकीत ठेवणंही तितकंच वाईट. सावलीतली, वारा लागणारी खोली बरी.

‘नॉकिंग नको, बॅट तयार येते.’ बऱ्याच बॅट या समजापायी फुटतात. कारखान्यात पातं रोलरखाली दाबतात हे खरं. काही बॅटना मशीननं ठोकलेलंही असतं. पण त्यात मुख्यतः सपाट बाजू दबते, कडा आणि टो बऱ्याच अंशी कच्चेच राहतात. आणि सीझन बॉल, म्हणजे कडक चामड्याचा बॉल, बरेचदा तिथेच लागतो. 2017 पासूनच्या नियमात कड 40 मिलिमीटरपर्यंत जाड असू शकते, पण जाड कड म्हणजे घट्ट कड नव्हे. तंतू एकमेकांवर दाबून बसतात ते ठोकण्यानंच.

लाकडी हातोडा घ्या. सुरुवात अगदी हलकी, दार ठोठावल्यासारखी, मग दर बैठकीला जोर वाढवा. दहा-पंधरा मिनिटांच्या बैठका करा, एकूण चार ते सहा तास होऊ द्या. कडेवर काटकोनात कधीच मारू नका. हातोडा तिरका, 45 अंशात धरून कडेवरून घसरता ठेवा, म्हणजे तिची धार हळूहळू गोल होते. टोच्या खालच्या टोकावर थेट ठोकायचं नाही. स्टिकर आणि मागच्या बाजूलाही हात लावायचा नाही. कान द्या: आधी आवाज बद्द येतो, नंतर टणक होत जातो. अंगठ्याचं नख दाबून पाहा, वण उमटायचा कमी झाला की मग जुन्या बॉलनं, बॅटनं हलके मारून, कॅच द्यायला सुरुवात करा. नवा बॉल त्याच्याही नंतर.

काश्मिरी विलोलाही हेच सगळं लागतं. टेनिस बॉलसाठीच घेतलेल्या बॅटला मात्र एवढा खटाटोप नको.

‘शीट लावली की झालं.’ शीट ओरखडे आणि बारीक चिरा आवरते, तंतू दाबत नाही. नियमानं ती 1 मिलिमीटरपेक्षा जाड चालत नाही. एवढ्या पातळ पापुद्र्यानं यॉर्कर काय अडणार? शिवाय तिच्याखाली तेल जात नाही. म्हणून आधी तेल, ते पूर्ण मुरलं की शीट. पुढे उघड्या राहिलेल्या भागालाच काय ते तेल.

पुतण्याकडे आता दुसरी बॅट आहे, साधी. साडेचार तास ठोकून झालेत. काल जुना बॉल घेऊन तिनं गोल्फ क्लब मैदानावर कॅच दिले. मधोमध काही उमटलं नाही, पण बाहेरच्या कडेला खाली बॉलच्या शिवणीचे बारीक ठसे दिसले. संध्याकाळी तो परत हातोडा घेऊन बसलाय.