हत्ती गेला, रिव्हर्स राहिला

मला रिव्हर्स येत नाही. म्हणजे लायसन्स आहे, टेस्टच्या वेळी एकदा घेतला पण होता, पण तेव्हापासून आजतागायत मी गाडी अशाच जागी लावत आलोय जिथून निघताना समोरून सरळ बाहेर पडता येईल. ऑफिसच्या पार्किंगमध्ये सगळ्यात वरच्या मजल्यावर जातो, तिथे कोणी फिरकत नाही त्यामुळे पुढेमागे दोन जागा रिकाम्या मिळतात, पहिलीतून घुसून दुसरीत थांबायचं, झालं. बायकोला वाटतं मी व्यायाम म्हणून जिने उतरतो. मी कधी खुलासा केला नाही.

तर अशा माणसाला आमचे साडू फोनवर म्हणाले, "मोआबला येताय ना, मग एलिफंट हिल करून टाकू, जीप माझी, चालव तू." सूर असा की जणू घोटभर चहा करून टाकू.

मोआब हे अमेरिकेतल्या युटा राज्यातलं गाव, आणि एलिफंट हिल म्हणजे तिथल्या कॅनियनलँड्स नॅशनल पार्कच्या नीडल्स भागातला रस्ता. रस्ता हा शब्द मी सवयीने वापरतोय, प्रत्यक्षात ते दगडी जिने आहेत. आदल्या रात्री मी पार्कची माहिती वाचून काढली. युटामधल्या सगळ्यात अवघड फोर-व्हील रस्त्यांपैकी एक, परमिट लागतं, आणि गाडी अडकली तर ओढून आणायचा खर्च बऱ्याचदा १,००० डॉलरच्या वर जातो. साडू म्हणाले ते घाबरवायला लिहितात. माझी काही तक्रार नव्हती, मी घाबरलो होतो, लिहिणाऱ्याचं काम झालं होतं.

मोआबहून तिथवर जवळपास ८० मैल. शेवटचे तीनेक मैल कच्चा रस्ता, त्यावर साधी गाडी पण जाते, पण मला वाटलं हेच ते ऑफरोडिंग आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटायला लागलो तेवढ्यात पार्किंग आलं आणि साडूंनी खाली उतरून चारही टायरमधली हवा सोडायला घेतली. ३५ वरून २० पीएसआय. टायर जरा बसलेला दिसला तरी ज्याची झोप उडते त्याने हे नुसतं बघत उभं राहायचं. हवा कमी असली की टायर पसरतो, दगडाला धरून राहतो, हे मला समजावून सांगितलं गेलं आणि ते खरंच आहे, पण तो फुस्स आवाज ऐकून माझ्यातलीच हवा गेली त्याचं काय.

फोर-लो टाकला, म्हणजे चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर. त्यात इंजिन डोंगर फोडल्यासारखं ओरडतं आणि गाडी मुंगीच्या चालीने जाते. अंगठे स्टिअरिंगच्या आत घालू नकोस, चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग गर्रकन फिरतं आणि अंगठा सोबत घेऊन जातं, इति साडू. मग चढ सुरू झाला आणि समोरच्या काचेत फक्त आकाश उरलं, निळंशार, एक ढग नाही. चार चाकांपैकी एक कुठेतरी हवेत होतं, कुठलं ते मी विचारलं नाही. खालून खर्रर्र आवाज आला तर साडू म्हणाले, "काही नाही, स्किड प्लेट आहे, पोटाखालचा पत्रा, घासायलाच असते."

शेजारच्या आर्चेस पार्कचे प्रमुख बेट्स विल्सन १९६१ मध्ये स्टुअर्ट उडाल या अमेरिकेच्या मंत्र्यांना या भागात जीपमधून फिरवत होते, आणि १९६४ मध्ये नॅशनल पार्क झालं. इतिहासात लिहितात की मंत्री निसर्ग बघून भारावले. मला वाटतं ते "करतो पार्क, पण आधी खाली उतरवा" म्हणाले असणार.

तर, आम्ही माथ्यावर पोचलो. मी जिवंत होतो, बरा घामेजलो होतो, हत्ती गेला म्हणून हुश्श केलं आणि मग शेपूट आलं. पलीकडच्या उतारावर एक वळण इतकं अरुंद आहे की गाडी वळतच नाही. तिथे तोंड घालून थांबायचं आणि पुढचा तुकडा रिव्हर्समध्ये उतरायचा, खालच्या वळणावर गेलं की परत सरळ. मी साडूंकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

बायको उतरली, मला हात दाखवायला. तिने कुठे उभं राहायचं यावर पाच मिनिटं गेली, कारण दगड सोडून मातीवर पाय ठेवायचा नाही, तिथली काळपट खरबरीत माती जिवंत असते, सूक्ष्म जीवांनी धरून ठेवलेली, एक पाऊल पडलं तर भरून यायला दशकं लागतात. मातीची काळजी घेता घेता ती अशा दगडावर उभी राहिली जिथून मला तिचा फक्त उजवा हात दिसत होता.

"येऊ दे, येऊ दे... डावीकडे घे."

"कोणाच्या डावीकडे?"

"अरे डावीकडे म्हणजे डावीकडेच!"

आता येऊ दे येऊ दे या प्रकाराला एक नैसर्गिक शेवट असतो. मागे भिंत असते, गाडी तिला हलकेच टेकते, धप्प आवाज येतो आणि मग सगळे एका सुरात "बास" म्हणतात. इथे मागे धप्प करायलाच काही नव्हतं. मी ब्रेकवर दोन्ही पाय ठेवले, साडूंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि वीतभर सरक, थांब, वीतभर सरक असं करत, पायी दोन मिनिटांचा तुकडा आम्ही वीस मिनिटांत उतरलो. खाली पोचल्यावर मी बाहेर येऊन एका दगडाला टेकून बसलो, दगड छान गरम होता, मी कुठेच जात नव्हतो.

"आता परतीला तेवढं टेन्शन नाही ना?" मी विचारलं.

"नाही रे," साडू म्हणाले. "तोच तुकडा फक्त. उलटा चढायचा."

"सरळ नाही?"

"वळणार कुठे? उतरलास रिव्हर्समध्ये, मग चढणार पण रिव्हर्समध्येच."

पुढचा गोल फेरा मारून तासाभराने नाही, चांगल्या चार तासांनी आम्ही तिथे परत आलो तेव्हा मी न बोलता चावी बायकोच्या हातात दिली आणि हात दाखवायला आधीच जाऊन उभा राहिलो. तिने सीट पुढे ओढली, आरसा सारखा केला, रिव्हर्स टाकला, खिडकीतून डोकं बाहेर काढून मागे बघितलं.

"येऊ दे," मी म्हटलं.

"आधी रस्त्यातून बाजूला हो."