ट्रकात घर केलं म्हणून भाडं वाचत नाही

काल रात्री मावसभावाचा फोन. साताऱ्याकडे चार एकर आहे त्याची, स्वतःची दहाचाकी चालवतो, आणि बोलत असा होता की जणू बॅग भरून तयार आहे. आमच्या तीन फॅमिली ग्रुपांवर फिरणारा तो व्हिडिओ त्याच्यापर्यंत पोचलाय. अमेरिकेतला ट्रक, केबिनमागे लांबलचक कस्टम स्लीपर म्हणजे मागणीप्रमाणे बनवलेली झोपायची खोली, आत डबल बेड, शेगडी, फ्रिज, शॉवर, संडास. वर मजकूर: महिन्याला २५ हजार डॉलर कमाई, घरभाडं शून्य, लांबीला बंधन नाही, झोप चांगली म्हणून मैल जास्त, दोन वर्षांत गाडी फिटते, व्हिसाचं आम्ही बघतो. मी इंडियानात ट्रकवाल्यांचे टॅक्सचे हिशेब करतो, असे स्लीपर जिथे बनतात ते शिपशेवाना गाव ह्याच राज्यात आहे, म्हणून हे वाचून गप्प बसवत नाही.

२५ हजार म्हणजे महिन्याला १० हजार मैल गुणिले मैलाला अडीच डॉलर भाडं. दादा, ही कमाई नाही, हा गल्ला झाला. अमेरिकन ट्रान्सपोर्टेशन रिसर्च इन्स्टिट्यूट दरवर्षी खर्चाचा अहवाल काढते, त्यात २०२४ चा सरासरी खर्च मैलाला २ डॉलर २६ सेंट आहे, त्यातला साधारण एक डॉलर ड्रायव्हरचा पगार आणि भत्ते. आणि १०० मैलांतले सोळाएक मैल गाडी रिकामी पळते, त्याचे पैसे कोणी देत नाही. म्हणजे हातात २५ नाही, २१ हजार. त्यातून डिझेल, हप्ता, विमा, टायर, रिपेअर असे मैलाला सव्वा डॉलर, म्हणजे १० हजार मैलांचे साडेबारा हजार गेले की उरले साडेआठच्या आत, तोच तुझा पगार, त्यातूनच टॅक्स आणि मेडिकल इन्शुरन्स. हे साध्या गाड्यांचं झालं. कस्टम स्लीपरने किंमत वाढते आणि नव्या जड ट्रॅक्टरवर (शेतातला नव्हे, ट्रेलर ओढणारा ट्रकचा पुढचा भाग) सरकारचा १२ टक्के एक्साइज टॅक्स, म्हणजे एक लाखाचा स्लीपर चढवला तर त्यावर १२ हजार आणखी. दोन वर्षांत गाडी फिटते हे ह्या आकड्यांत कुठे बसतं ते मला कोणीतरी दाखवावं.

पण सगळ्यात जास्त राग येतो तो "घरभाडं शून्य" ह्याचा, कारण हे ऐकून लोक खरंच खोली सोडतात. माझ्याकडच्या एका ड्रायव्हरने सोडली, महिना ४०० डॉलरची, सामान ट्रकात टाकलं आणि मला वर्षाअखेरीस सांगितलं. आयआरएस म्हणजे अमेरिकेचं इन्कम टॅक्स खातं, त्याचं ४६३ नंबरचं प्रकाशन आहे, त्यात स्वच्छ लिहिलंय की ज्याला कामाचं ठरलेलं ठिकाण नाही आणि राहायचं ठरलेलं घरही नाही तो फिरस्ता, त्याचं घर म्हणजे तो जिथे काम करतोय तिथेच, आणि घरापासून लांबच नाही तर प्रवासखर्चाची वजावट कसली? स्वतःचा धंदा असलेल्या ड्रायव्हरला ऑक्टोबर २०२४ पासून जेवणखाणाचे दिवसाला ८० डॉलर धरता येतात, त्यातले ८० टक्के वजा होतात, म्हणजे ६४. वर्षाचे २८० दिवस रस्त्यावर धरले तर १७,९२० डॉलरची वजावट. ती मला त्याच्या रिटर्नमधून काढावी लागली, इन्कम टॅक्सही वाढला आणि स्वतःचा धंदा करणाऱ्याला लागणारा सेल्फ एम्प्लॉयमेंट टॅक्सही. वाचवलेल्या भाड्याएवढा टॅक्स जवळपास वर बसला, आणि आजारी पडला तर टेकायला खोली नाही. लायसन्सलासुद्धा राहण्याचं राज्य दाखवावं लागतं.

लांबीचं अर्धं खरं आहे, मान्य करतो. १९८२ च्या फेडरल कायद्यानंतर राष्ट्रीय नेटवर्कच्या रस्त्यांवर, म्हणजे इंटरस्टेटसारख्या मोठ्या हायवेंवर, राज्यांना ट्रॅक्टर-ट्रेलरची एकूण लांबी अडवता येत नाही. पण गोदाम काय इंटरस्टेटवर असतं का? कॅलिफोर्नियात नेटवर्क सोडून आतल्या रस्त्याला लागलास की ६५ फुटांची मर्यादा, त्यात एकट्या ट्रेलरचेच ५३ फूट. आणि वजन ८० हजार पौंड ते ८० हजारच. स्लीपरने काही हजार पौंड खाल्ले की तेवढा माल कमी.

झोपेचं तर सोडच. कायद्यानेच दहा तास विश्रांती, मग चौदा तासांच्या आत जास्तीत जास्त अकरा तास ड्रायव्हिंग. गादी केवढीही असो.

ह्या गाड्या कोणालाच परवडत नाहीत असं मी म्हणणार नाही. माझ्याकडे नवरा-बायकोची एक जोडी आहे, आळीपाळीने चालवतात, लष्कराचा दारूगोळा नेतात. स्फोटकांची गाडी सोडून जाता येत नाही, कोणीतरी सतत जवळ लागतं, तिथे आतला संडास आणि शेगडी ही कामाची वस्तू आहे आणि भाडंही तसंच मिळतं. त्या कामाला सुरक्षा तपासणी लागते, पहिल्या दिवशी आलेल्याला ते कोणी देत नाही.

आणि "व्हिसाचं आम्ही बघतो". परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं की कमर्शियल ट्रक ड्रायव्हरांना कामाचे व्हिसा देणं थांबवतोय. टुरिस्ट व्हिसावर येऊन ट्रक चालवणं बेकायदा आहे, पकडला गेलास तर परत पाठवतात. दादा, त्या एजंटला फक्त एवढं विचार, व्हिसाचा प्रकार कुठला आणि नोकरी देणारी कंपनी कुठली, आणि ते लेखी घे. तो कागद मला पाठव. तोवर सातबारा घरातून बाहेर काढू नकोस.