फिनेलचं बिल आणि तीस टक्के

काल कोथरूडच्या टपरीवर पक्या आला तो बिल फडकवतच. भाडेकरू सोडून गेला, किचनच्या टाइल्सवर तेलाचा थर, बाथरूम तर विचारूच नका, डीप क्लीनिंगला साडेनऊ हजार गेले, आता हे इन्कम टॅक्सच्या रिटर्नमधे भाड्यातून वजा दाखवणार म्हणे.

मन्या म्हणाला दाखव की, खर्च तो खर्च.

सीए-ऑफिसवाला बाळ्या चहा फुंकत बसला होता. "दाखवशील कुठं? तसा रकानाच नाहीये. भाड्यातून तू भरलेली घरपट्टी वजा कर, उरलेल्याच्या ३० टक्के सरळ सूट. रंग, प्लंबर, झाडूपोछा सगळं त्यातच आलं."

"पण माझा खरा खर्च झालाय!"

"अरे झाला नसता तरी तेवढीच मिळाली असती. भाडं वर्षाचं २,४०,०००, घरपट्टी १२,०००, राहिले २,२८,०००, त्याचे तीस टक्के ६८,४००. तुझे साडेनऊ हजार कुठं अन हे कुठं, रडतोस काय!"

काका मधेच म्हणाले, पूर्वी दुरुस्ती-भाडेवसुलीला चौथा हिस्सा मिळायचा, विमा वगैरे वेगळा, ते २००१च्या बजेटमधे एकत्र करून ३० टक्के केलं. नव्या २०२५च्या इन्कम टॅक्स कायद्यातही तीसच आहेत. (काकांना हे पाठ असतं, बीपीची गोळी मात्र विसरतात.)

मन्या पेटला. म्हणजे जो फ्लॅट घाण ठेवतो त्याचा फायदा? मला विचाराल तर मन्याचं बरोबर होतं, पण प्रत्येकाची फिनेलची बिलं तपासत कोण बसणार!

पक्याचं पुढचंच. "मग दादाच्या दुकानातली सफाई कशी पूर्ण वजा होते?"

"तो तिथं धंदा करतो, तू भाडं खातोस."

"मग मीपण भाड्याचा धंदाच दाखवतो."

"२०२४च्या बजेटनी ती वाट बंद केली. राहण्यासाठीचं घर भाड्यानी दिलं की ते घराचंच उत्पन्न, बिझनेस नाही. बरं, ती घरपट्टी भरलीस ना? ज्या वर्षी भरशील त्याच वर्षी वजा होते."

पक्या बिलाची घडी घालायला लागला.

"भरलीस ना रे?"

"...चहाचे मी देतो."