मिठाची गुळणी

त्या रविवारी मी कोमट पाण्यात मीठ घालून तोंडात गुळणी धरून बसलो होतो. घसा ठणठणीत होता. कल्पना बायकोची. मी फोनवर खेळायचा एक गेम बनवतोय; समोरच्याने तो हातात घेतला रे घेतला की "नाही, नाही, आधी उजवीकडचं दाबा" म्हणत मी त्याच्या खांद्यावर चढतो, हे तिने तीन रविवार पाहिलं होतं. "मिठाची गुळणी धरून बसणे अशी म्हण आहे ना? मग धर की," असं म्हणून तिने पेला आणून ठेवला. (म्हण नव्हे, वाक्प्रचार. ही दुरुस्ती वरच्या मजल्यावरच्या काकांची.)

गेम बनवणाऱ्यांच्या जगात प्लेटेस्टिंगचा, म्हणजे अर्धाकच्चा गेम दुसऱ्याला खेळायला देऊन बघण्याचा, पहिला नियम असा आहे की खेळणाऱ्याला काहीही सांगायचं नाही. उद्या गेम लोकांच्या फोनमध्ये गेला, की प्रत्येकाच्या शेजारी बसून समजावायला आपण जाणार नसतो. म्हणून आज त्याला धडपडू द्यायचं आणि अंगठा कुठे अडखळतो, कपाळाला आठी कुठे पडते, ते वहीत टिपायचं. नियम वाचायला सोपा आहे. पण मी पुण्यात वाढलोय. इथे पुढच्या स्कूटरचा स्टँड खाली राहिलेला दिसला तर माणूस आपलं वळण सोडून दोन चौक तिच्या मागे जातो आणि "ओ काकू, स्टँड!" हे सांगूनच परत फिरतो. समोरचा चुकतोय आणि आपण गप्प, हे आमच्या प्रकृतीला झेपत नाही.

आता गेमबद्दल. नोकरी हिंजवडीत, त्यामुळे विचार करायला रोज जाऊन-येऊन तीन तास ट्रॅफिकमध्ये मिळतात. तिथेच हे सुचलं. एक स्कूटर, लक्ष्मी रस्ता, दिवाळीआधीचा शनिवार. बायकोला तुळशीबागेशी सोडायचं, अप्पा बळवंत चौकातून मुलाची गाइडं घ्यायची, बायकोला परत उचलायचं. मध्ये एकेरी रस्ते, रिक्षा, आणि पी-1, पी-2च्या पाट्या, म्हणजे विषम तारखेला या बाजूला गाडी लावा, सम तारखेला त्या. गाडी उचलून नेली की खेळ खलास.

पुण्यात नवा खेळ काढणं नवीन नाही म्हणा. बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम एकोणिसाव्या शतकात इथल्या छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी बसवले आणि काही काळ त्या खेळाला 'पूना' असंच नाव होतं. साहेबाने चाचणी कॅम्पात घेतली हे बरं केलं. सदाशिव पेठेत घेतली असती तर नेट किती उंच असावं यावरच अजून पत्रव्यवहार चालू असता.

सुरुवात कागदावर करतात. कोड बदलायला दोन रात्री जातात, कागदावर खोडरबराने भागतं. मी जुन्या लग्नपत्रिका पाठीकडून जोडून जेवणाच्या टेबलावर नकाशा काढला. शर्टाची बटणं म्हणजे स्कूटर, तूरडाळीचे दाणे म्हणजे रिक्षा, आणि मीठदाणी म्हणजे हवालदार. वरचे काका पेपरची पुरवणी परत द्यायला आले आणि तसेच टेबलाशी बसले.

"हा चौक कुठला?"

"विजय टॉकीजचा."

"मग सिटी पोस्ट एवढ्यात कसं आलं? मधली दुकानं काय वाहून गेली?"

वीस मिनिटं नकाशाची दुरुस्ती झाली. तीन बोळ वाढले. पत्रिकेवर छापलेल्या वधूच्या आडनावाचं मूळ गावही निघालं. मग काकांनी बटण उचललं आणि शांतपणे बाणाच्या उलट दिशेने सरकवायला लागले. मला राहवेना.

"काका, वन-वे आहे."

"गाडी बंद केलीये. ढकलत नेतोय."

"पण—"

"ढकलत नेली की ती गाडी नसते. सामान असतं."

मीठदाणीलाही यावर काही बोलता आलं नाही. रात्री मी वहीत लिहिलं, काकांना पुन्हा बोलवायचं नाही.

कागदानंतर फोन. गोडो नावाचं फुकट मिळणारं इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर आहे, त्यात दीड महिना घालून ग्रेबॉक्स उभा केला. ग्रेबॉक्समध्ये चित्रं नसतात, रंग नसतात, नुसते करडे ठोकळे. तुळशीबाग एक ठोकळा, बायको एक ठोकळा (हे तिला दाखवताना घाई केली). सजावट मुद्दामच करायची नाही, कारण घर गोड दिसलं की गळकं छप्पर कोणी दाखवत नाही.

ठोकळे असूनही लोक खरं बोललेच नाहीत. मेव्हणा "मस्त रे!" म्हणाला आणि चाळीस सेकंदांत फोन परत देऊन पोह्यांकडे वळला. ऑफिसातल्या मित्राने रात्री अकराला सतरा सूचना पाठवल्या, त्यातली नववी ड्रोनची होती. तेव्हा कळलं की "आवडला का?" हा प्रश्न पाहुण्याला "जेवणार ना?" विचारण्यासारखा आहे, उत्तर ठरलेलंच असतं. त्यापेक्षा "गाडी तिथेच का लावलीत?" असं विचारलं की माणूस बोलता होतो, आणि पुण्यात तर थांबत नाही.

जेकब नील्सन नावाचे तज्ज्ञ आहेत. त्यांनी 2000 साली हिशेब मांडला होता की चाचणीला पाच माणसं पुरतात, सुमारे 85 टक्के चुका तेवढ्यांतच सापडतात. ते लिहीत होते वेबसाइटींबद्दल, पण मी खात्री म्हणून आठ जणांकडून खेळून घेतलं. मग नववी म्हणून मिरजेची आत्या आली, आणि मी गुळणी धरली.

आत्याने चष्मा लावला, फोन हातभर लांब धरला आणि तर्जनीने एकदाच, डोअरबेल दाबावी तसा दाबला. स्कूटर निघाली. पहिल्या सिग्नलला लाल दिवा होता. आत्या थांबली.

एक मिनिट झालं. आत्या पडद्याकडे बघतेय, मी आत्याकडे. दोन मिनिटं झाली. आत्याने फोन मांडीवर ठेवून माझ्या मुलाच्या दहावीची चौकशी केली, मग पुन्हा उचलला. लालच. मागून करडे ठोकळे तिला वळसा घालून जात होते. गालात पाणी, नाकाला झिणझिण्या. चौथ्या मिनिटाला ती म्हणाली, "तुमच्या पुण्यात सिग्नल फार वेळ असतो हो."

मी गुळणी गिळली.

लालचा हिरवा करणारी ओळ मी लिहिलीच नव्हती. आधीच्या आठ अस्सल पुणेकरांना याचा पत्ताच लागला नव्हता, कारण त्या सिग्नलला एकही जण थांबला नव्हता. आणि लिहिणारा मी, स्वतः दीड महिना रोज खेळत होतो, हे कृपा करून मिरजेला कळवू नका.

त्यानंतर वेगळीच पंचाईत झाली, माणसं संपली. गेम पहिल्यांदा बघणारा कोरा माणूस एकदाच मिळतो. या धंद्यात त्याला क्लीनेक्स टेस्टर म्हणतात, नाक पुसायच्या कागदासारखा, एकदा वापरला की गेला. दोन्हीकडचे नातेवाईक वापरून झाले. लग्नात जेवणाच्या पंगतीत मी अनोळखी चेहरे न्याहाळू लागलो, तेव्हा बायकोने फोन पर्समध्ये टाकला. 1972 साली कॅलिफोर्नियात 'पाँग' या व्हिडिओ गेमचं पहिलं यंत्र एका बारमध्ये ठेवलं होतं आणि ते थोड्याच दिवसांत बंद पडलं. उघडलं तर आत नाणी मावेनाशी झालेली. हे मनात धरून मी टिळक रस्त्याजवळच्या एका टपरीवर फोन कॉलेजच्या पोरांपुढे ठेवला. एकाने घेतला. तेवढ्यात घरून फोन आला, तो त्याने उचलला, "हो काकू, काका इथंच चहा पितायत," असं सांगितलं आणि पुन्हा खेळायला लागला. डॉक्टरांनी मला चहा वर्ज्य केलाय. चाचणीचा तेवढाच निष्कर्ष निघाला.

काका मात्र न बोलावता आले. फोनवर आलंय म्हणे, बघू. त्यांनी थेट तारीख बदलायचं बटण शोधलं (हे माझ्या सोयीसाठी ठेवलं होतं, लपवायचं राहिलं) आणि 31 ऑक्टोबर लावली. गाडी विषमच्या बाजूला. दुसऱ्या दिवशी गाडी उचलली गेली.

"31 विषम. 1 पण विषम. एकच बाजू. तुझा खेळ रोज बाजू बदलतोय. महिना संपतो हे त्याला सांगितलं नाहीस?"

खरोखर सांगितलं नव्हतं. त्या रात्री मी ते दुरुस्त केलं आणि, वही उघडून बराच वेळ बसल्यावर, ढकलत नेण्याचं बटणही घातलं. इंजिन बंद, वेग चालण्याइतका, वन-वे माफ.

पुढच्या रविवारी काका पुन्हा बसले. मी नवीन पाणी कोमट केलं. काकांनी गाडी सुरूच केली नाही. घरापासून ढकलत निघाले. बायकोच्या ठोकळ्याला सीटवर बसवून ढकललं, तुळशीबागेशी उतरवलं, अप्पा बळवंतला गेले, गाइडं घेतली, लक्ष्मी रस्त्याने उलटे परत आले. हवालदार बघत राहिला. बारा मिनिटं. दीड महिना खपून जमवलेले एकेरी रस्ते, रिक्षांची गर्दी, सिग्नल, यातलं त्यांना काहीच लागलं नाही. गुळणी पार थंड झाली होती.

शेवटी गाडी दारात लावून काकांनी वर पाहिलं.

"पेट्रोल सगळं शिल्लक आहे. त्याचे गुण कुठे मिळतात?"