खिशातला मोबाइल, पोटातलं बाळ आणि तो फॉरवर्ड

ऐरोली-घणसोलीपासून घोडबंदर रोडपर्यंतच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. थोडक्यात तो असा: पँटच्या खिशात मोबाइल ठेवणाऱ्यांना मूल होत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलंय. गरोदरपणी फोन वापरला तर गर्भ पडतो, नाहीतर बाळाच्या मेंदूत दोष राहतो. गच्चीवरचा टॉवर हटवा. आणि सगळ्यात खाली रेडिएशन शोषणाऱ्या चिपची जाहिरात. मी वाशीत एका लॅबमध्ये वीर्यतपासणी करते. हाच मेसेज पुढे धरून जोडपी प्रश्न विचारतात, म्हणून एकेक दावा घेते.

आरोग्य संघटनेचा हवाला सरळ चुकीचा आहे. तिच्या कर्करोग संशोधन संस्थेने मे २०११ मध्ये रेडिओलहरींना २बी गटात टाकलं. पुरावा तोकडा आहे पण शक्यता नाकारता येत नाही, अशा गोष्टींचा हा गट. तो निर्णय कॅन्सरपुरता होता, मूल होण्या-न होण्याचा त्यात विषयच नव्हता.

खिशातल्या फोनने शुक्रजंतू मरतात, या दाव्यामागे मात्र काही खरे अभ्यास आहेत आणि ते नीट सांगायला हवेत. २००९ मध्ये अमेरिकेत वीर्याच्या नमुन्यांपासून अडीच सेंटिमीटरवर तासभर चालू कॉलचा फोन ठेवला, तेव्हा शुक्रजंतूंची हालचाल मंदावली. पण ते नमुने शरीराबाहेर होते. तिथे मध्ये कातडी नाही, उष्णता वाहून नेणारं रक्तही नाही. माणसांवरचा मोठा अभ्यास २०२३ मध्ये स्वित्झर्लंडमधून आला. १८ ते २२ वयाचे २,८८६ तरुण. दिवसात वीसपेक्षा जास्त वेळा फोन वापरणाऱ्यांमध्ये दर मिलिलिटरला ४ कोटी ४५ लाख शुक्रजंतू, तर आठवड्यातून जेमतेम एकदा वापरणाऱ्यांमध्ये ५ कोटी ६५ लाख. फरक आहे, मी तो लपवणार नाही. पण आरोग्य संघटनेच्या वीर्यतपासणी-पुस्तिकेतली खालची मर्यादा १ कोटी ६० लाख आहे, म्हणजे दोन्ही आकडे तिच्या बरेच वर. शिवाय हा फरक २००५ ते २००७ मधल्या तरुणांत ठळक होता, पुढे नवीन नेटवर्क आली तसा कमी होत गेला. फोन खिशात ठेवतो की दुसरीकडे, याचा आकड्यांशी काही संबंध दिसला नाही. मेसेजमध्ये नेमकं हेच वाक्य गाळलंय.

शुक्रजंतू नीट तयार व्हायला वृषणं शरीरापेक्षा दोन ते चार अंशांनी थंड राहावी लागतात. म्हणून मांडीवर तासन्‌तास लॅपटॉप, भट्टीजवळचं काम, वृषणाजवळच्या फुगलेल्या नसा या गोष्टी विचारायलाच हव्यात. तंबाखू-गुटखाही. जोराचा ताप येऊन गेला असेल तर पुढचे दोन-तीन महिने रिपोर्ट बिघडलेला येऊ शकतो, कारण शुक्रजंतू तयार व्हायलाच सत्तरेक दिवस लागतात. एका रिपोर्टवर खचून जाऊ नका, तपासणी पुन्हा करावी लागते.

आता गर्भ पडण्याचं. या ओळीचा मला सगळ्यात जास्त राग येतो. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्याच्या आसपास गर्भपात गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात, आणि तो दोष बहुतेकदा बीज तयार होतानाच आलेला असतो. एक्स-रेसारखी डीएनएचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा मोबाइलच्या लहरींत नसते. मेंदूच्या दोषासाठी २०१२ चा येल विद्यापीठाचा प्रयोग पुढे केला जातो. त्यात गाभण उंदरांच्या पिंजऱ्यावर चालू कॉलचे फोन ठेवले होते. उंदरासारख्या इवल्याशा शरीरावर इतक्या जवळून जे दिसलं ते बाईच्या गर्भाशयातल्या बाळाला जसंच्या तसं लागू होत नाही. डेन्मार्कच्या २००८ च्या अभ्यासात आईचा फोन-वापर आणि मुलांच्या वागण्यातल्या तक्रारी यांचा संबंध दिसला होता, पण आईचा मुलाला मिळणारा वेळ वगैरे इतर कारणं संशोधकांनी नाकारली नव्हती. पुढे २०१७ मध्ये नॉर्वेत ४५ हजारांवर माय-लेकरांच्या माहितीत मुलांच्या भाषेवर वाईट परिणाम आढळला नाही.

तरी गर्भ गेलेल्या सुनेला ‘सारखी फोन घेऊन बसायची’ हे ऐकवलं जातंच. आधीच कोसळलेल्या बाईवर हा आरोप करू नका. तिने काही केलेलं नाही.

टॉवर आणि चिपचं लवकर उरकते. १ सप्टेंबर २०१२ पासून आपल्याकडे टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली गेली. टॉवर लांब गेला की हातातला फोनच जास्त ताकदीने लहरी सोडतो. लिफ्टमध्ये किंवा बेसमेंटमध्ये बॅटरी भराभर उतरते ती यामुळेही. चिपने खरंच लहरी अडवल्या तर हेच होईल, आणि नाही अडवल्या तर पैसे पाण्यात.

तरीही मनात धाकधूक असेल तर इअरफोन लावून बोला, फोन उशाशी नको. पण वर्षभर प्रयत्न करून दिवस राहत नसतील, बायको पस्तिशीपुढची असेल तर सहा महिने, मग दोघांनीही तपासून घ्या. बाईच्या सोनोग्राफ्या, इंजेक्शनं वर्षानुवर्षं चालतात आणि नवऱ्याची साधी वीर्यतपासणी शेवटी होते, हे थांबवा. फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टरांना विचारून आधीपासूनच सुरू करा, कारण बाळाच्या मेंदू-मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून पहिल्या २८ दिवसांतच मिटते. तपासणीला येताना दोन ते सात दिवस संबंध टाळलेले असावेत. नमुना घरून आणणार असाल तर तासाभराच्या आत पोचवा, आणि डबी बर्फात घालू नका, शर्टाच्या आत अंगाजवळ धरून आणा.