थंडीची उस्तवार

निफाडचा पारा घसरला की पेपरात बातमी येते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठतं आणि दहा अंशांत पुणेकर कानटोपी चढवून टपरीवर उभा राहतो. या सगळ्या थंड्यांबद्दल मला आदर आहे. त्या वाजतात आणि चहाने जातात. कॅनडात विनिपेगला जी थंडी असते तिची उस्तवार करावी लागते, नोव्हेंबर ते मार्च, रोज सकाळी.

नवा मराठी माणूस इथे पहिल्यांदा फसतो तो उन्हाला. पडदा बाजूला करावा तर निळंभोर आकाश, लख्ख ऊन. आपल्याकडच्या सवयीने वाटतं, चला, आज जरा बरं आहे. तर तसं काही नसतं. ढग असले की रात्री जमिनीची ऊब पांघरुणाखाली राहते. आकाश मोकळं असलं की ती थेट वर निघून जाते. म्हणजे बर्फ भुरभुरतोय तो दिवस उणे दहाचा, सुसह्य. आणि कॅलेंडरवरच्या चित्रासारखा सुंदर दिवस उणे तिसाचा. इथे ऊन दिसलं की जाणकार माणूस आणखी एक बंडी घालतो.

शिवाय तापमानाचे आकडे दोन असतात, खरा आणि वाऱ्यासकटचा, म्हणजे वाऱ्यामुळे अंगाला जाणवतो तो. खरा घाबरवतो, वाऱ्यासकटचा कामाचा. तो उणे २८ च्या खाली गेला की उघडी कातडी दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते. उणे ४० च्या खाली पाच ते दहा मिनिटांत. उणे ४० ला सेल्सियस आणि फॅरनहाइट एकच होतात, त्यामुळे अमेरिकेतल्या मावसभावाशी फोनवर बोलताना निदान तेवढा एक वाद मिटतो. इथल्या म्हाताऱ्यांना मात्र कशाचंच कौतुक नाही. २४ डिसेंबर १८७९ ला इथे पारा उणे ४७.८ वर गेला होता, तेव्हा तुमच्या तिसाचं काय घेऊन बसलात!

आता कपडे. यात क्रम चुकला की सगळं उतरवून पहिल्यापासून. सर्वांत आधी बाथरूमला जाऊन यायचं. याला पर्याय नाही. मग अंगालगत लोकरीचं किंवा पॉलिएस्टरचं थर्मल. सुती बनियन नको, ते घाम धरून ठेवतं आणि ओलं कापड अंगातली ऊब शोषतं. त्यावर लोकरीचा स्वेटर, मग स्नो पँट, मग बूट. बूट जॅकेटच्या आधीच, कारण जाडजूड जॅकेट घातल्यावर माणूस कमरेत वाकत नाही. बूट अर्धा नंबर मोठे असावेत. दोन-दोन पायमोजे कोंबून बूट घट्ट केले, तर बोटांभोवतीची हवा जाते, रक्त नीट फिरत नाही आणि पाय जास्तच गार पडतात, हे आईला फोनवर पटवणं अशक्य आहे. मग जॅकेट, मानेभोवतीची पट्टी, टोपी. हातमोजे सर्वांत शेवटी, आणि तेही चार बोटं एका खोळीत राहतील असे. बोटं शेजारी-शेजारी असली की एकमेकांना ऊब देतात. हे सगळं चढवून माणूस दारात उभा राहिला की घराची किल्ली आठवते. ती असते सर्वांत आतल्या पँटच्या खिशात.

गाडीचं प्रकरण वेगळंच. इथल्या गाड्यांच्या नाकातून विजेचा प्लग लोंबत असतो. नवखा माणूस त्याला इलेक्ट्रिक गाडी समजतो. पेट्रोलचीच असते, आत इंजिनाला चिकटवलेला साधारण ४०० वॅटचा हीटर असतो, म्हणजे इंजिनाची गिझरची सोय. पारा उणे पंधराच्या खाली जाणार असेल तर निघण्याआधी दोन-चार तास तो चालू हवा. रात्रभर ठेवून फक्त बिल वाढतं, म्हणून टायमर लावायचा. वायर बाहेरच्या थंडीसाठी बनवलेलीच हवी, घरातली साधी वायर कडक होऊन तिचं आवरण तडकतं. हे केलं नाही तर सकाळी किल्ली फिरवल्यावर जो आवाज येतो तो दमेकऱ्याचा. इंजिनातलं तेल घट्ट झालेलं, बॅटरीची ताकद निम्म्यावर आलेली. आणि केलं तर? तर प्लग काढायचा विसरून गाडी रस्त्याला लागते, मागून वायर फरफटत, आणि सिग्नलला शेजारचा सज्जन काच खाली करून सांगतो. उणे तिसात काच खाली करणं ही परोपकाराची परिसीमा आहे. पहिले दोन-तीन रस्ते गाडी धप-धप वाजते, कारण रात्रभर उभी राहून टायर खालून चपटे झालेले असतात. गॅरेजला नेऊ नका, गरम झाले की आपोआप गोल होतात. समोरच्या काचेवर गरम पाणी ओतायची कल्पनाही मनात आणू नका. काच तडकते.

घरात ऊब भरपूर, पण हवा कोरडीठाक. उणे तिसाची हवा आत घेऊन एकवीस अंशांना तापवली की तिच्यात दमटपणा जवळपास उरतच नाही. ओठ फाटतात, नाकातून रक्त येतं, नवऱ्याने बायकोला चहाचा कप दिला तरी ठिणगी उडते (प्रेमाची नव्हे, स्थिर विजेची). म्हणून ह्युमिडिफायर लावावा, तर खिडक्यांना आतून घाम सुटतो आणि चौकटीवर बर्फ धरतो. खोबरेल तेल चोवीस अंशांखाली थिजतं, म्हणजे इथे ते सहा महिने दगडच. बाटली निरुपयोगी, रुंद तोंडाची बरणीच घ्यावी.

विरजण लावायचं तर ओव्हनमध्ये, फक्त आतला दिवा लावून. मात्र दिवा जुन्या पद्धतीचा हवा. नव्या ओव्हनमधल्या एलईडीने उजेड पडतो, दही पडत नाही. आणि ओव्हनच्या बटणावर ‘आत दही आहे’ अशी चिठ्ठी चिकटवा, नाहीतर संध्याकाळी कुणीतरी पिझ्झासाठी ओव्हन तापवतं. फोडणीआधी सगळी जॅकेटं बेडरूमच्या कपाटात कोंडून दार लावून घ्यायचं. खिडकी उघडता येत नाही, धुराचा अलार्म आधी कोकलतो, आणि पिसांच्या जॅकेटात शिरलेला हिंग एप्रिलपर्यंत बसमध्ये आपली ओळख सांगत राहतो.

राहिलं बर्फ काढणं. फावड्याला आधी तेलाचा हात फिरवावा, बर्फ चिकटत नाही. उचलू नये, ढकलावं. उचलायचाच तर गुडघ्यात वाकून, थोडा थोडा. हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी शेजारच्या पोराला पैसे द्यावेत, त्यात कमीपणा नाही. खरी मेख वेगळीच आहे. आपण ड्राइव्हवे, म्हणजे घरापासून रस्त्यापर्यंतची गाडीची वाट, चकाचक करून आत चहा टाकतो न टाकतो तोच महापालिकेचा बर्फ ढकलणारा नांगर येतो आणि रस्त्यावरचा सगळा बर्फ दाबून, ढेकळं करून आपल्याच तोंडाशी आडवा टाकून जातो. उपाय असा की रस्त्याकडे तोंड करून उभं राहावं आणि सगळा बर्फ उजवीकडे टाकावा. नांगर डावीकडून येतो, म्हणून ड्राइव्हवेच्या डाव्या हाताला रस्त्याच्या कडेने आठ-दहा फूट जागा मोकळी करून ठेवावी. नांगराचं ओझं तिथेच उतरतं. बरोबर केलंत तर ढीग शेजाऱ्याच्या हद्दीजवळ पडतो. तो शेजारी म्हणजेच तो मघाशी काच खाली करणारा निघाला, तर त्याच्याही बाजूला दोन फावडी मारून यावीत.