मॅगमीटर सगळीकडे चालत नाही: फिरत्या मेसेजला उत्तर

इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज दर दोन-तीन महिन्यांनी फिरून येतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: मॅगमीटर (पाइपमधून वाहणाऱ्या द्रवाचा फ्लो चुंबकीय क्षेत्राने मोजणारा मीटर) कुठल्याही लिक्विडला चालतो, तो लाइनच्याच, म्हणजे पाइपच्याच साइजचा घ्यायचा, अर्धा टक्का अ‍ॅक्युरसी हमखास मिळते, मेंटेनन्स शून्य. ओरिफिस प्लेटचा (मधे भोक असलेली चकती, तिच्या दोन बाजूंच्या दाबातल्या फरकावरून फ्लो काढतात) जमाना गेला आणि स्टीमला व्होर्टेक्स (प्रवाहात उठणाऱ्या भोवऱ्यांवरून वेग मोजणारा मीटर) लावला की विषय संपला. खाली ‘नवीन मुलांना पाठवा’ अशी सूचना. नवीन मुलं तो वाचतात आणि इंडेंटवर (खरेदीच्या मागणीपत्रावर) तसंच लिहितात, म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देतोय.

‘कुठल्याही लिक्विडला चालतो.’ नाही चालत. चुंबकीय क्षेत्रातून वीजवाहक द्रव वाहिला की त्यात वेगाच्या प्रमाणात व्होल्टेज तयार होतं, हा फॅराडेचा नियम. स्वतः फॅराडेने १८३२ मध्ये लंडनच्या वॉटर्लू पुलावरून थेम्स नदीत इलेक्ट्रोड सोडून हे मोजायचा प्रयत्न केला होता. तेव्हा त्याला यश आलं नाही, पण आजचा मॅगमीटर उभा आहे तो याच तत्त्वावर. मेसेजमधून गळलाय तो नेमका ‘वीजवाहक’ हा शब्द. साधारण मॅगमीटरला सेंटिमीटरला निदान ५ मायक्रोसीमेन्स कंडक्टिव्हिटी (वीजवाहकता) लागते. नळाच्या पाण्यात ती शेकड्यांत असते. उसाचा रस, दूध, कॉस्टिक, ईटीपीचं (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाचं) पाणी, डिस्टिलरीचा स्पेंट वॉश (अल्कोहोल काढून उरलेलं सांडपाणी), सगळीकडे मॅगमीटर उत्तम. डिझेल, फर्नेस ऑइल, थर्मिक फ्लुइड (उष्णता वाहून नेणारं तेल), खाद्यतेल, शुद्ध अल्कोहोल यांत मात्र तो आंधळा.

सगळ्यात जास्त फसवतं ते डीएम पाणी, म्हणजे क्षार काढून टाकलेलं पाणी. एका कारखान्यात डीएम टाकीकडे जाणाऱ्या लाइनवर मॅगमीटर बसवला होता. कमिशनिंगच्या दिवशी लाइन बोअरच्या पाण्याने फ्लश करत होतो. रीडिंग इतकं स्थिर की सगळे खूश. तीन दिवसांनी खरं डीएम पाणी सुरू झालं आणि आकडा नाचायला लागला. आम्ही केबल बदलली, अर्थिंग तपासलं, ट्रान्समीटरचं कार्ड दोनदा बदललं. शेवटी लॅबवाल्या ताईंनी बीकरमध्ये सँपल घेऊन कंडक्टिव्हिटी मोजली: ०.४ मायक्रोसीमेन्स. मीटर चांगला होता, तिथे त्याची निवडच चुकीची होती. त्या जागी पाइपला बाहेरून बांधायचा अल्ट्रासॉनिक मीटर लावला आणि काम झालं. पाण्यात बुडबुडे नसतील आणि पाइप भरून वाहत असेल तर तो असं पाणी नीट मोजतो.

‘लाइनच्या साइजचाच घ्या.’ सगळ्यात महाग पडणारं वाक्य हे आहे, म्हणून इथे जरा हिशोब मांडतो. पाइपलाइन टाकणारा माणूस पुढच्या दहा वर्षांची वाढ धरून साइज ठरवतो, पण मीटरला आजचा फ्लो मोजायचा असतो. समजा लाइन १०० मिमीची आहे आणि रात्रपाळीला तिच्यातून तासाला ५ घनमीटर पाणी जातं. वेग निघतो सेकंदाला ०.१८ मीटर. इतक्या कमी वेगाला सिग्नल अगदी क्षीण असतो. मॅगमीटरला सेकंदाला १ ते ३ मीटर वेग मानवतो, अर्धा मीटरपर्यंत आलो तरी निभतं. त्याच लाइनला रेड्युसर (पाइप अरुंद करणारा जोड) टाकून ५० मिमीचा मीटर बसवला तर वेग ०.७ होतो, ४० मिमीचा घेतला तर १.१. लहान मीटर स्वस्तही पडतो. फक्त दिवसाच्या जास्तीत जास्त फ्लोला वेग किती होतो तेही बघायचं. पण इंडेंटवर ‘किमान फ्लो’ हा रकाना मी बहुतेक वेळा कोराच पाहिलाय. तो भरायचा तर प्लांटमध्ये जाऊन ऑपरेटरला विचारावं लागतं, दुसरा मार्ग नाही.

‘अर्धा टक्का अ‍ॅक्युरसी.’ कशाच्या अर्धा टक्का? चालू रीडिंगच्या की फुल स्केलच्या, म्हणजे मीटरच्या कमाल रेंजच्या? १०० घनमीटर रेंजच्या मीटरला फुल स्केलच्या १ टक्का चूक मान्य असेल, तर ती दर तासाला १ घनमीटर होते. फ्लो १० घनमीटरवर आला की तीच चूक १० टक्के. मॅगमीटरची अ‍ॅक्युरसी सहसा रीडिंगवर दिलेली असते हे खरं, पण तीही ठरावीक वेगाच्या वर. डेटाशीटमध्ये त्या आकड्याखालची बारीक अक्षरातली ओळ वाचा.

ओरिफिस प्लेट भंगारात काढा म्हणणाऱ्यांनी ५०० अंशांच्या स्टीम लाइनवर मॅगमीटर लावून दाखवावा. स्टीम वीजवाहक नाही आणि मॅगमीटरचं टेफ्लॉन लायनिंगही त्या तापमानाला टिकत नाही. ओरिफिसचं भोक मोजता येतं, आयएसओ ५१६७ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे हिशोब करता येतो, प्रत्येक प्लेट फ्लो लॅबमध्ये न्यायची गरज नसते. मर्यादा आहेतच. फ्लो १० टक्क्यांवर आला की डीपी (प्लेटच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक) उरतो १ टक्का, त्यामुळे कमाल फ्लोच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याखाली भरवसा धरू नये. आणि शटडाउननंतर प्लेट उलटी बसली, म्हणजे धारदार कडा येणाऱ्या प्रवाहाकडे न राहता पलीकडे गेली, तर फ्लो कमी दिसतो. कोणाच्या लक्षातही येत नाही.

स्टीमला व्होर्टेक्स चांगलाच. पण तो मोजतो वेग, किलो नाही. मीटरमध्ये ७ बार गेजच्या (हवेच्या दाबाच्या वर ७ बार) सॅच्युरेटेड स्टीमची घनता भरली, सुमारे ४.१६ किलो प्रति घनमीटर, आणि हेडरला (स्टीमच्या मुख्य पाइपला) प्रेशर प्रत्यक्षात ५ बार राहिलं, तर खरी घनता असते ३.१७. मीटर ३१ टक्के जास्त स्टीम दाखवत राहतो आणि दोन विभागांत खर्चावरून भांडणं लागतात. प्रेशर कॉम्पेन्सेशन, म्हणजे प्रत्यक्ष प्रेशरप्रमाणे घनता बदलून हिशोब करायची सोय, घेतलंच पाहिजे. शिवाय लोड खूप उतरला की व्होर्टेक्स कमी दाखवत नाही, सरळ शून्य दाखवतो. स्टीम मात्र चालूच असते.

राहिलं ‘मेंटेनन्स शून्य’. मॅगमीटरमध्ये फिरणारा भाग नाही एवढंच त्यात खरं. ईटीपीच्या एका लाइनवर, जिथे चुन्याचं पाणी येतं, मीटर वरून खाली येणाऱ्या पाइपमध्ये बसवला होता. पाइप कधी पूर्ण भरतच नव्हता. फ्लँज खोलून आत बॅटरी मारली तर दोन्ही इलेक्ट्रोडवर नखाएवढा जाड पांढरा थर. तो साफ केला, मीटर खालून वर चढणाऱ्या पाइपमध्ये हलवला, दर तीन महिन्यांनी इलेक्ट्रोड पुसायचं काम पीएम शेड्यूलमध्ये (ठरावीक काळाने करायच्या देखभालीच्या यादीत) टाकलं. तोच मीटर आजही तिथे चालू आहे.